अनुकूली नियंत्रकाने केव्हा शिकावे आणि केव्हा थांबावे?

आरोहण

ज्या यंत्रणेचे वर्तन आपल्याला पुरते ठाऊक नाही, किंवा आज ठाऊक असले तरी उद्या बदलणार आहे, तिच्यावर ताबा कसा ठेवायचा, हा अनुकूली नियंत्रणाचा, म्हणजेच अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलचा, मूळ प्रश्न आहे. चर्चेची सुरुवात मी एका जुन्या अपघातापासून करतो, कारण या शास्त्राची ताकद आणि त्यातला धोका ही दोन्ही त्या एकाच विमानात दिसून आली.

एक्स-१५ हे अमेरिकेचे रॉकेट-विमान बी-५२ च्या पंखाखालून सोडले जाई, ध्वनीच्या पाच-सहा पट वेग गाठी आणि हवा जवळपास संपते त्या उंचीवर जाऊन परत येई. शेपटीवरचा पृष्ठभाग एक अंशाने वळवला तर विमानावर किती परिणाम होईल, हे हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे एकाच उड्डाणात हा परिणाम जवळजवळ शून्यापासून अतिप्रचंड होईपर्यंत बदलत जातो. वर जेमतेम पुरणारा गेन, म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचे तो गुणक, खाली आल्यावर विमानाला हादरवून टाकतो, आणि खाली योग्य असलेला गेन वर काहीच साधत नाही. म्हणून या मालिकेतील तिसऱ्या विमानात हनीवेल कंपनीची एमएच-९६ ही यंत्रणा बसवण्यात आली. तिची कल्पना मला आजही सुंदर वाटते. गेन वाढवत न्यायचा, पृष्ठभाग हलवणाऱ्या सर्व्होमध्ये बारीक दोलने दिसू लागली की आपण स्थैर्याच्या सीमेवर आलो असे समजायचे, आणि तेथून गेन किंचित खाली घ्यायचा. विमानाचे गणित आधीपासून माहीत असण्याची गरजच उरत नाही. याच विमानाने २२ ऑगस्ट १९६३ रोजी जो वॉकर यांना ३,५४,२०० फूट, म्हणजे सुमारे १०८ किलोमीटर, उंचीवर नेऊन सुखरूप परत आणले.

१५ नोव्हेंबर १९६७ रोजी मायकेल अ‍ॅडम्स यांच्या उड्डाणात चढतानाच विमानाच्या विद्युत यंत्रणेत व्यत्यय आला, पुढे विमानाची दिशा हळूहळू ढळत गेली आणि सुमारे २,३०,००० फुटांवर ते ध्वनीच्या पाचपट वेगात असताना गिरकीत सापडले. सुमारे १,१८,००० फुटांवर विमान गिरकीतून बाहेर आले, पण त्याच सुमारास अनुकूली यंत्रणेत एक न थांबणारे दोलन सुरू झाले. विमान वेगाने खाली येत होते, हवेचा दाब झपाट्याने वाढत होता आणि त्या प्रमाणात गेन उतरायला हवा होता. परंतु त्या दोलनामुळे गेन बदलणारा भाग तो उतरवू शकला नाही. नाक वर-खाली आपटण्याची गती वाढत गेली, ६५,००० फुटांजवळ विमानावर दोन्ही दिशांनी १५ जीपेक्षा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५ पटींपेक्षा, अधिक भार येऊ लागला आणि ते मोडले. अ‍ॅडम्स वाचले नाहीत.

अपघाताची कारणे अनेक होती आणि सारा दोष नियंत्रकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तरीही जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. बदलत्या परिस्थितीसाठीच बनवलेला नियंत्रक नेमक्या मोठ्या बदलाच्या वेळी का अडकला? आणि त्यानंतर सहा दशके एवढे संशोधन होऊनही बहुतेक कारखान्यांत साधा, स्थिर गेनचा पीआयडी नियंत्रकच (चूक, तिची साठत गेलेली बेरीज आणि तिच्या बदलाचा वेग यांवरून दुरुस्ती करणारा) का चालतो?

स्थिरबिंदू

आरोहण, प्रश्न योग्य ठिकाणाहून सुरू केलात. माझे काम याच विषयात आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देण्याचा प्रयत्न करते.

एमएच-९६ च्या काळात या शास्त्रापाशी कल्पना होत्या, सिद्धता नव्हत्या. १९५८ मध्ये एमआयटीतील व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संदर्भ मॉडेलची पद्धत मांडली. विमानाने जसे वागावे असे वाटते तसे वागणारे एक आदर्श मॉडेल शेजारी चालवायचे, दोघांच्या वर्तनातील फरक मोजायचा आणि तो फरक कमी होईल त्या दिशेने नियंत्रकाचे पॅरामीटर, म्हणजे गेनसारखे बदलता येणारे आकडे, सरकवायचे. हा नियम पटण्याजोगा आहे, पण त्यात स्थैर्याची हमी नाही. अगदी सोप्या उदाहरणातही वैमानिकाची आज्ञा काही पट मोठी केली की तोपर्यंत सुरळीत चाललेली यंत्रणा अस्थिर होते, कारण शिकण्याचा वेग सिग्नलच्या आकारावर अवलंबून राहतो. १९६६ मध्ये पार्क्स यांनी हा दोष दाखवला आणि ल्यापुनॉव्हच्या, म्हणजे स्थैर्य गणिताने सिद्ध करण्याच्या, पद्धतीने नियम नव्याने बांधला. सर्वसाधारण यंत्रणांसाठी पक्क्या सिद्धता यायला मात्र १९८० उजाडले. त्या वर्षी नरेंद्र आणि सहकारी, मोर्स, तसेच गुडविन, रॅमेज व केन्स यांनी वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकाच वेळी तेथपर्यंत मजल मारली. यातील कुंपती नरेंद्र हे मद्रास विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेला गेले आणि येल विद्यापीठात त्यांनी या विषयाची एक पिढी घडवली.

या सिद्धतांच्या अटी चार होत्या: यंत्रणेच्या समीकरणाची कोटी (ऑर्डर) किती याला वरची मर्यादा ठाऊक हवी, इनपुटचा परिणाम आउटपुटच्या कितव्या अवकलजात (डेरिव्हेटिव्हमध्ये) उमटतो हे ठाऊक हवे, गेनचे चिन्ह धन की ऋण हे ठाऊक हवे, आणि यंत्रणा आधी उलट्या दिशेने जाऊन मग सुलट येणारी नसावी. यातील पहिलीच अट प्रत्यक्षात कधी पुरी होत नाही. प्रत्येक सर्व्होला, प्रत्येक सेन्सरला, विमानाच्या प्रत्येक लवचीक भागाला स्वतःची गती असते आणि ती सगळी कोणी मॉडेलमध्ये घेत नाही.

रोहर्स, वलवानी, अ‍ॅथन्स आणि स्टाइन यांनी १९८२ मध्ये नेमके यावर बोट ठेवले, आणि त्यांचे उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला हाताने सोडवायला लावते. यंत्रणा पहिल्या कोटीची आहे, तिचा गेन २ आणि ध्रुव (पोल, म्हणजे प्रतिसाद किती जलद ते सांगणारा आकडा) उणे १ वर आहे, असे नियंत्रक मानतो. प्रत्यक्षात तिच्या मागे आणखी एक जलद, उत्तम अवमंदन असलेला, म्हणजे दोलने लगेच विरवणारा, भाग आहे, ज्याचे ध्रुव उणे १५ च्या आसपास आहेत. साधारण अभियंता तो भाग निःशंकपणे दुर्लक्षित करील. नियंत्रकाकडे दोन पॅरामीटर आहेत, एक संदर्भाला, म्हणजे दिलेल्या आज्ञेला, गुणणारा आणि एक फीडबॅकला, म्हणजे मोजून परत आलेल्या आउटपुटला, गुणणारा. आदर्श मॉडेलचा ध्रुव उणे ३ वर हवा असेल तर फीडबॅक १ आणि संदर्भाचा गुणक दीड, हे बरोबर उत्तर आहे.

आता संदर्भ स्थिर ठेवा. स्थिर अवस्थेत आउटपुट संदर्भाइतके यायला एकच समीकरण पुरते: संदर्भ-गुणकाची दुप्पट म्हणजे फीडबॅक-गुणकाची दुप्पट अधिक एक. या समीकरणात १ आणि १.५ ही जोडी बसते, तशीच १७ आणि १७.५ ही जोडीही बसते. नियंत्रकाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच बरोबर आहेत, कारण मोजता येणारी चूक दोन्हीकडे शून्य आहे. परंतु खऱ्या, तिसऱ्या कोटीच्या यंत्रणेत फीडबॅक १७.०३ च्या पुढे गेला की ती अस्थिर होते. आउटपुटवर सेकंदाला १६.१ रेडियन इतक्या वारंवारतेचा लहानसा व्यत्यय आला, म्हणजे ज्या वारंवारतेला यंत्रणेचे उत्तर बरोबर उलट फिरलेले असते तिथला, की पॅरामीटर त्या रेषेवरून हळूहळू सरकत राहतात. कितीतरी वेळ आउटपुट व्यवस्थित दिसते आणि मग एकाएकी सारे कोसळते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर यातून येते. हे नियंत्रक फार शिकल्याने किंवा कमी शिकल्याने बिघडत नाहीत. ज्या मोजमापात शिकण्यासारखे काही नाही त्यातून शिकत राहिल्याने बिघडतात. एमएच-९६ आपला गेन संदर्भ मॉडेलशी असलेल्या फरकावरून ठरवत नव्हती आणि तिच्या अडकण्याची तऱ्हा वेगळी होती. तरी तिचाही विश्वास एकाच खुणेवर होता, की सर्व्होतील दोलन म्हणजे स्थैर्याची सीमा. दोलन दुसऱ्याच कारणाने निर्माण झाले आणि टिकून राहिले तेव्हा त्या खुणेतून खरी परिस्थिती वाचण्याचा मार्ग तिच्यापाशी उरला नाही.

कृष्णाकाठ

स्थिरबिंदू यांनी हाताने सोडवायला दिलेले उदाहरण वाचताना मला आमचा रसशुद्धीकरणाचा विभाग डोळ्यांसमोर आला. मी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करतो, त्यामुळे आरोहण यांच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे पीआयडी का टिकून आहे यावर, काही सांगता येईल.

गिरणीतून येणारा मिश्र रस आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण पाच ते साडेपाच. त्यात मिल्क ऑफ लाइम (पाण्यात कालवलेला चुना) आणि सल्फर डायऑक्साइड सोडून तो सातच्या जवळ आणावा लागतो. पीएच खाली राहिला तर साखरेचे विघटन होऊन उतारा बुडतो, वर गेला तर रिड्यूसिंग शुगर्स जळून रस काळवंडतो. यातील अडचण अशी, की पीएच हे लॉगरिथमिक माप आहे आणि सातच्या आसपास वक्र फार उभा असतो. चुन्याच्या तेवढ्याच भरीने एका ठिकाणी पीएच थोडासा सरकतो आणि दुसऱ्या ठिकाणी उडीच मारतो. शिवाय तो वक्र स्वतःच बदलत असतो: उसाची जात बदलली, तोडून दोन-तीन दिवस झालेला ऊस आला, अवकाळी पाऊस झाला, गाळपाचा वेग वाढला, की रसाची चुना पचवण्याची ताकद बदलते. अनुकूली नियंत्रणासाठी याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही असे कोणालाही वाटेल.

एका कारखान्यात, ज्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे, स्वतःच गेन जुळवून घेणारा नियंत्रक या लूपवर, म्हणजे पीएच मोजून चुना कमी-जास्त करण्याच्या साखळीवर, लावलेला मी पाहिला. सुरुवातीला त्याचे काम चांगले होते. मात्र चुन्याच्या रसात बुडालेल्या पीएच इलेक्ट्रोडवर पापुद्रा चढतो आणि त्याचे वाचन मंद होत जाते. नियंत्रकाला इलेक्ट्रोड मंदावला आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. प्रक्रियाच मंदावली असे त्याने मानले आणि त्यानुसार स्वतःला जुळवून घेतले. पाळीवरच्या माणसाने आम्लाने इलेक्ट्रोड धुऊन परत बसवला तेव्हा प्रक्रिया एका क्षणात पुन्हा जलद झाली, पण नियंत्रक जुन्या समजुतीवर चालत होता. पुढचा कितीतरी वेळ चुन्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडत आणि पूर्ण मिटत राहिला. त्यानंतर ती सोय बंद करून पुन्हा स्थिर पीआयडी लावण्यात आला. हा निर्णय घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. स्थिर गेनचा नियंत्रक वाईट चालला तरी तो कालच्यासारखाच वाईट चालतो, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला त्याची सवय असते.

नवखी

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. स्थिरबिंदू यांच्या स्पष्टीकरणावरून असे वाटते की स्थिर संदर्भात माहिती नसते, म्हणून पॅरामीटर भरकटतात. मग नियंत्रकाने मुद्दाम लहान लहान धक्के देत राहावे, म्हणजे त्याला सतत काहीतरी शिकायला मिळेल, असे का करत नाहीत?

स्थिरबिंदू

नवखी, हा प्रश्न या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. १९६० च्या सुमारास सोव्हिएत शास्त्रज्ञ फेल्डबाउम यांनी तो मांडला आणि त्याला द्वैत नियंत्रण असे नाव मिळाले. नियंत्रकाची प्रत्येक कृती दोन कामे करते: यंत्रणेला हव्या जागी नेते, आणि यंत्रणेविषयी माहिती मिळवते. ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध जातात, कारण नियंत्रण जितके चांगले तितका सिग्नल शांत, आणि सिग्नल जितका शांत तितकी त्यात माहिती कमी. दोन्हींचा सर्वोत्तम मेळ कसा घालायचा याचे समीकरण लिहिता येते, पण अगदी लहान उदाहरणे सोडली तर ते सोडवता येत नाही. प्रत्यक्षात म्हणूनच आजचा अंदाज हेच सत्य मानून नियंत्रण केले जाते.

तुमच्या सूचनेप्रमाणे धक्के देता येतात आणि यंत्रणेचे पॅरामीटर शोधण्याच्या ओळखचाचणीत आपण तेच करतो. ढोबळ हिशेब असा, की एका साइन लहरीतून दोन पॅरामीटरांपुरती माहिती मिळते, तेव्हा चार पॅरामीटर शोधायचे तर किमान दोन वेगळ्या वारंवारता हव्यात. पण चालू कारखान्यात रात्रंदिवस असे धक्के देण्याची किंमत मालात आणि व्हॉल्व्हच्या झिजेत मोजावी लागते.

धक्के न देता शिकणे चालूच ठेवले तर काय होते, तेही पाहू. स्वयं-जुळणी करणाऱ्या नियंत्रकांत, ज्यांना १९७३ मध्ये ओस्ट्रॉम आणि विटनमार्क यांनी पक्का पाया दिला, जुनी माहिती हळूहळू विसरण्याचा एक गुणक असतो. तो ०.९९ ठेवला तर नियंत्रकाची स्मृती सुमारे १०० नमुन्यांची राहते. बदलती यंत्रणा पकडण्यासाठी हे हवेच. परंतु ५०० नमुन्यांपर्यंत काहीच घडले नाही, तर जुनी माहिती पुसली जाते, नवी येत नाही आणि अंदाजातील अनिश्चितता मोजणारी संख्या सुमारे १५० पट फुगते. तितक्यात एक छोटासा नॉइज (मोजमापातील निरर्थक चढउतार) आला की नियंत्रक त्यावर १५० पट जोराने विश्वास ठेवतो आणि पॅरामीटर भलतीकडे उडी घेतात. त्या उडीने यंत्रणा हादरते, हादऱ्यातून माहिती मिळते, पॅरामीटर पुन्हा जागेवर येतात, आणि काही काळाने तोच प्रकार पुन्हा घडतो.

म्हणून माझे मत असे आहे की अनुकूली नियंत्रकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग त्याचा शिकण्याचा नियम नसून तो नियम थांबवणारे कुंपण आहे. चूक नॉइजच्या पातळीखाली असेल तर शिकणे थांबवणारा मृतपट्टा, पॅरामीटर ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ न देणारे प्रक्षेपण, आणि पॅरामीटरांना सतत सौम्यपणे मूळ जागी ओढणारी, इओअ‍ॅनू व कोकोटोविच यांनी १९८३ मध्ये दिलेली सिग्मा-दुरुस्ती, हे तीन उपाय तेच काम करतात. फुकट कोणताच नाही. मृतपट्ट्यासाठी व्यत्ययाचा आकार ठाऊक हवा, प्रक्षेपणासाठी हद्द ठाऊक हवी, आणि सिग्मा-दुरुस्तीमुळे व्यत्यय नसतानाही थोडी चूक शिल्लक राहते. रोहर्स यांच्या उदाहरणात फीडबॅकची हद्द, समजा, १० वर ठेवली असती तर पॅरामीटर सरकत जाऊन १० वर थांबले असते आणि यंत्रणा स्थिर राहिली असती.

सागरतळ

मी जहाजांच्या सुकाणू-यंत्रणांवर काम केले आहे, आणि तेथे अनेकदा शिकण्याची गरजच नसते असे मला नमूद करावेसे वाटते. नोमोटो यांच्या १९५७ च्या साध्या मॉडेलप्रमाणे सुकाणूच्या एका अंशाने जहाज किती वेगाने वळेल तो गेन जहाजाच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि प्रतिसादाचा काळ त्याच प्रमाणात कमी होतो. वेग तर मोजताच येतो. मग वेगानुसार गेनचा तक्ता आधीच भरून ठेवावा हे सरळ आहे. जे मोजता येते त्याचा अंदाज बांधत बसू नये. भार, पाण्याची खोली आणि लाटा यांच्यासाठीच काय ते शिकणे ठेवावे. त्यातही लाटांना उत्तर देत सुकाणू सतत हलवणारा नियंत्रक हा वाईट नियंत्रक आहे, कारण त्याने मार्ग सुधारत नाही, फक्त इंधन आणि यंत्र झिजते.

आरोहण

सागरतळ, आपला मुद्दा विमानांनाही लागू आहे. वेग आणि हवेचा दाब मोजून गेनचा तक्ता वापरणे ही पुढे विमानांची रूढ पद्धत झाली. पण तक्त्याची मर्यादाही स्पष्ट आहे: पंखाचा तुकडा गेला किंवा एक पृष्ठभाग अडकला तर त्या परिस्थितीचा रकाना तक्त्यात नसतो. म्हणूनच नासाने ५.५ टक्के आकाराच्या प्रवासी-विमानाच्या प्रतिकृतीवर अनुकूली नियम उडवून पाहिले, ज्यांत होवाकिम्यान आणि काओ यांची एल-वन पद्धतही होती. शिकण्याचा वेग कितीही वाढवला तरी नियंत्रणाचा सिग्नल एका फिल्टरमधून जातो, त्यामुळे सर्व्होपर्यंत उच्च वारंवारता पोचत नाही, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य आहे. शिकण्याचा वेग फार वाढवला की ही पद्धत जवळपास साध्या रेषीय नियंत्रकासारखीच वागते, अशी गंभीर टीका नंतर झाली, आणि ती मला पटते.

स्थिरबिंदू यांच्या कुंपणाच्या मुद्द्याला पुष्टी देणारा एक अभ्यास आठवतो. २०१० मध्ये डायडेक, अन्नस्वामी आणि लॅव्हरेत्स्की यांनी एक्स-१५ चे गणिती मॉडेल उभे करून त्या उड्डाणाची परिस्थिती संगणकावर पुन्हा घडवली आणि ल्यापुनॉव्हच्या पद्धतीने रचलेला अनुकूली नियंत्रक तेथे स्थैर्य टिकवतो असे दाखवले. अर्थात सिम्युलेशन म्हणजे उड्डाण नव्हे. तरी १९६७ मध्ये कल्पना चुकीची नव्हती, तिची हद्द आखणारे गणित तेव्हा तयार नव्हते, असे मी यातून समजतो.

कृष्णाकाठ

आता पीआयडी चालवणाऱ्यांच्या हाती काय पडते ते सांगतो, कारण अनुकूली नियंत्रणाचा जो भाग कारखान्यात खरोखर रुजला तो हाच आहे. १९८४ मध्ये ओस्ट्रॉम आणि हेग्लुंड यांनी रिलेची पद्धत दिली. नियंत्रक बाजूला ठेवून व्हॉल्व्ह दोन स्थितींमध्ये रिलेने (चालू-बंद स्विचसारख्या उपकरणाने) उघड-मीट करायचा, म्हणजे प्रक्रिया स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेला लहान दोलने करू लागते. समजा व्हॉल्व्ह वर-खाली ५ टक्के हलवला आणि आउटपुट वर-खाली २ टक्के हलले, तर ५ ची चौपट भागिले (π गुणिले २), म्हणजे सुमारे ३.१८, हा सीमेवरचा गेन मिळतो. दोलनाचा काळ ६० सेकंद असेल तर झीग्लर-निकोल्स यांच्या १९४२ च्या सूत्राने पीआय नियंत्रकाचा (पीआयडीतील बदलाच्या वेगाचा भाग वगळलेला) गेन सुमारे १.४ आणि इंटिग्रल काळ, म्हणजे साठलेल्या चुकीची दुरुस्ती किती वेगाने करायची ते ठरवणारा काळ, ५० सेकंद येतो. मी त्याहून सौम्यच ठेवतो. चाचणी काही मिनिटांत होते, ऑपरेटर समोर उभा असतो, आणि ती संपली की शिकणे थांबते. इलेक्ट्रोड धुतल्यावर चाचणी करायची, पापुद्रा चढलेला असताना नाही, एवढा निर्णय माणसाने घ्यायचा. स्थिरबिंदू ज्याला कुंपण म्हणतात ते येथे माणूसच आहे, आणि रसाच्या पीएचपुरते मला ते पुरेसे वाटते.

नवखी

चार अटींपैकी शेवटची, म्हणजे आधी उलट्या दिशेने जाणारी यंत्रणा नसावी ही, कारखान्यात कोठे मोडते?

कृष्णाकाठ

बॉयलरच्या ड्रममध्ये. टर्बाइनने अचानक जास्त वाफ मागितली की ड्रममधील दाब उतरतो, पाण्यातील बुडबुडे फुगतात आणि पाणी प्रत्यक्षात कमी होत असताना पातळी वर चढलेली दिसते. उलट थंड पाणी वाढवले की बुडबुडे आकसतात आणि पातळी आधी खाली जाते. पाणी वाढवल्याने पातळी उतरते असा निष्कर्ष काढणारा नियंत्रक त्या काही सेकंदांच्या मोजमापाला धरून बरोबरच असतो, आणि त्याप्रमाणे वागला तर ड्रम कोरडा पाडील. त्यातच बॉयलरचे इंधन असलेल्या बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात) सुमारे अर्धे पाणी असते आणि ते प्रमाण तासागणिक हलते, त्यामुळे दाबही स्थिर नसतो. म्हणून तेथे आम्ही तीन मोजमापांचा नियंत्रक वापरतो: बाहेर जाणाऱ्या वाफेचा प्रवाह मोजून तितकेच पाणी लगेच आत सोडायचे, पाण्याचा प्रवाह वेगळ्या लूपने पक्का करायचा, आणि पातळीच्या लूपला फक्त संथ दुरुस्ती करू द्यायची. ड्रमच्या पातळीवर स्वतः शिकणारा नियंत्रक लावायला मी आजही तयार होणार नाही. दाबाच्या लूपवर मात्र, बगॅस फीडरच्या गेनला वरची आणि खालची हद्द घालून, येत्या गाळप हंगामात तो करून पाहण्याचा विचार आहे. स्थिरबिंदू, हद्द ठरवण्यासाठी फीडरच्या किती वेगवेगळ्या भारांवर रिलेची चाचणी घ्यावी, हे आपण सांगितले तर मदत होईल.

स्थिरबिंदू

किमान तीन भारांवर घ्या: हंगामात सर्वांत कमी चालतो तो, नेहमीचा आणि पूर्ण. शक्य असेल तर पावसानंतरच्या ओल्या बगॅसवर एक चाचणी वेगळी करा, कारण हद्दीचे खरे टोक बहुधा तेथेच सापडेल. चारही ठिकाणच्या सीमेवरच्या गेनपैकी सर्वांत लहान घ्या आणि त्याच्या निम्म्यापेक्षा वर अनुकूली गेन जाऊ देऊ नका. खालची हद्द अशी ठेवा की शिकणे पूर्ण बंद पडले तरी त्या गेनवर बॉयलर हळू का होईना, पण चालत राहील. वाफेची मागणी काही काळ स्थिर असेल तर शिकणे आपोआप गोठेल अशी अट प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून घाला, आणि फीडर अडकल्याचा किंवा ट्रान्समीटर बिघडल्याचा अलार्म आला की तीच अट लागू करा.